आगोटीच्या तोंडावर, लेकराला घेऊन

कोकणात मुरूड दोन. एक रायगडातलं, जंजिऱ्याजवळचं. दुसरं रत्नागिरी जिल्ह्यातलं, दापोलीहून खाली उतरलं की कर्द्याशेजारी लागणारं. आमचं बुकिंग दुसऱ्या मुरूडचं होतं आणि दिरांच्या मोबाइलवर हवामान दिसत होतं पहिल्याचं. नुसतं ‘मुरूड’ लिहिलं की जे वर येईल ते बघून सगळे निर्धास्त. आता हसू येतं, पण हवामान खात्याचे इशारे जिल्हावार निघतात. रायगडाला पिवळा असतो तेव्हा रत्नागिरीला नारिंगी असू शकतो, आणि मोठ्यांना त्या फरकानं फार तर छत्री लागते. पावणेदोन वर्षांच्या मुलीचा त्यात अख्खा दिवस जातो. तेव्हा गावाबरोबर जिल्हाही बघायचा. मोबाइलवरच्या ढगाच्या चित्रापेक्षा खात्याच्या मुंबई केंद्राचं जिल्हानिहाय पत्रक बघायचं. ढगाच्या चित्राखाली ‘साठ टक्के’ लिहिलेलं असतं. त्या साठ टक्क्यांचं करायचं काय, हे कुणी सांगत नाही. रंगाला निदान अर्थ असतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा.

ही गोष्ट २०२५ च्या मे अखेरची. आमच्या घरातला हिशेब महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात होतो तोच होता. मृग लागायला पंधरा दिवस, मुंबईत पावसाची सरासरी तारीख ११ जून, नवऱ्याची रजा आत्ताच मंजूर, हापूस शेवटचा का होईना मिळेल, आमची लेक ओवी समुद्र बघेल. हिशेबात खोट नव्हती. खोट निघाली त्या वर्षीच्या अरबी समुद्रात. किनाऱ्यालगत कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, त्याची तीव्रता वाढली, आणि २४ मे रोजी दुपारी ते रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान जमिनीवर आलं. त्याच दिवशी मोसमी पाऊस केरळात पोचला, दुसऱ्या दिवशी तळकोकणात आणि २६ तारखेला मुंबई-पुण्यात. पंचाहत्तर वर्षांत मुंबईत तो इतक्या लवकर आला नव्हता. आम्ही होतो तेव्हा दापोली तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, आजी-आत्यासह.

त्या वर्षीचा अपवाद म्हणून सोडून द्यावं, तर तेही जमत नाही. ‘फयान’ आलं ते ११ नोव्हेंबर २००९ ला, म्हणजे दिवाळी उरकून लोक निवांत फिरायला निघतात तेव्हा. ‘क्यार’ २०१९ च्या ऐन दिवाळीत. किनाऱ्याला लागलं नाही, लांबूनच गेलं, तरी कोकणात पाऊस आणि उधाण देऊन गेलं. ‘निसर्ग’ ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं, आणि दापोली-मंडणगडच्या बागांमधले माड आणि पोफळी त्यानं आडव्या केल्या. ‘तौक्ते’ २०२१ च्या मेच्या मध्यात. थोडक्यात, पावसाळ्याच्या अलीकडचा महिना आणि पलीकडचा दीड महिना ही दोन्ही टोकं कच्ची आहेत. मोठ्या माणसांनी खुशाल जावं, कोकणातला पहिला पाऊस बघण्यासारखा असतोच. दोन-अडीच वर्षांच्या आतलं मूल बरोबर असेल तर माझं मत आता ठाम आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी. रजा मिळत नसेल तर समुद्र पुढच्या वर्षी. मुलाला तो एक वर्ष उशिरा दिसल्यानं त्याचं काही अडत नाही. अडतं ते आपलं, फोटोंसाठी.

मे अखेरीस जायचंच असेल, तर पोचल्यावर हर्णै बंदराकडे एक चक्कर टाका. आम्ही गेलो त्या संध्याकाळी मासळीच्या लिलावाला नेहमीची गर्दी नव्हती आणि बोटी आत येत होत्या, बाहेर जात नव्हत्या. मासेमारीची बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते. मग त्याच्या आठ-दहा दिवस आधीच होड्या वर ओढून त्यांच्यावर ताडपत्री नि झापं का चढताहेत? एका बाईनं सुकटीच्या टोपल्या आवरता आवरता सांगितलं, “आगोट लागली ओ, यंदा लवकर.” आगोट म्हणजे पावसाळ्याआधीची भरणी: सरपण, सुकी मासळी, मीठ, मसाला. ती बाई घाई करत होती, याहून स्पष्ट इशारा कुठल्याही रंगात येत नाही. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल तर विचारायचंही कारण नाही. मुलाला वाळूत खेळवायचा कार्यक्रम त्या दिवसापुरता रद्द.

पण शुक्रवारी संध्याकाळी पाऊस नव्हता. मळभ होतं, वारा दक्षिणेकडून, उकाडा कमी झालेला. मुरूडचा किनारा सपाट आणि ऐसपैस, मागे सुरूचं बन. सपाट किनारा लहान मुलांना बरा, असं सगळे सांगतात, आणि ओहोटीला ते खरंही आहे. भरतीला तोच किनारा फसवा होतो, कारण पाणी उंच होत नाही, आडवं पसरत येतं, आणि आत्ता कोरडी असलेली जागा बघता बघता ओली होते. शिवाय लाट त्या गावातल्या वाऱ्याचीच असते असं नाही. शेकडो किलोमीटर दूरच्या वादळातली लाट आभाळ स्वच्छ असतानाही किनाऱ्यावर येऊन पोचते. म्हणून हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था पावसाचा अंदाज सोडून लाटांचे वेगळे इशारे देते. तेही बघायची सवय लावून घ्यावी.

ओवी ओल्या वाळूच्या कडेला बसली होती. हातात घरून आणलेली स्टीलची वाटी. ताई, म्हणजे माझी नणंद, तिच्या शेजारी उकिडवी, दोन हातांच्या अंतरावर. मी चार पावलं मागे, सासूबाईंच्या चपला उचलत. लाट आली ती घोट्याइतकीसुद्धा नव्हती, पाण्याचा नुसता पापुद्रा. ओवी हसली. मग ते पाणी मागे फिरलं आणि जाता जाता तिच्या मांडीखालची वाळू घेऊन गेलं. ती पुढे कलंडली, तोंड पाण्यात, आणि तशीच राहिली. ओरडणं नाही, हातपाय झाडणं नाही. या वयाच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. पाण्यात पालथं पडलं की स्वतःला सावरून ते वर काढणं त्याला सहज जमत नाही, आणि तोंडात पाणी असताना रडू फुटत नाही. ताईनं फ्रॉकचा पाठीचा भाग मुठीत धरून तिला उचललं. खोकली, वाळू थुंकली, मग रडली. त्या जागी वीतभरही पाणी नव्हतं. वाटी दुसऱ्या लाटेनं नेली.

त्या रात्री ती नीट खेळली, जेवली, म्हणून आम्ही सुटलो. नाकातोंडात पाणी गेलेलं मूल पुढचे काही तास डोळ्यांसमोर ठेवायचं असतं. खोकला थांबत नसेल, श्वास भरभर चालत असेल, मूल गळून गेल्यासारखं झोपाळत असेल, तर ‘दमलंय बिचारं’ म्हणून निजवायचं नाही, दवाखाना गाठायचा. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते, मात्र खाडीकाठच्या गावांत तिला वेळ लागू शकतो. गाडी हाताशी असेल तर थांबू नका.

आम्ही उतरलो होतो त्या घरचे दादा संध्याकाळी म्हणाले, “वहिनी, आज एकादशी. पाणी चढतीला होतं तेव्हा.” मग त्यांनी हिशेब सांगितला, जो कोकणात लहान पोरालाही येतो आणि पुण्यात कुणालाच नाही. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. एकादशीच्या अकराची पाऊणपट सव्वाआठ; म्हणजे सकाळी सव्वाआठ आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी सव्वादोनच्या आसपास ओहोटी. आम्ही साडेपाचला गेलो होतो, म्हणजे पाणी निम्म्याहून जास्त चढलेलं. मिनिटाचा हा हिशेब नव्हे, अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं, पण मुलाला कधी न्यायचं हे ठरवायला पुरतं. ओहोटी लागून तास-दीड तास झाला की जायचं, पाणी पुन्हा फिरायच्या आत परतायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे उधाण असतं, तेव्हा पाणी वर जास्त येतं आणि ओढही जास्त. आमच्या वेळी अमावास्या चार दिवसांवर होती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर हे सगळं छापलेलं असतं. आपण त्यात चतुर्थी तेवढी बघतो.

किनाऱ्यावर मुलाजवळ कोण, हेही आधी ठरवायचं. पाच मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं, दुसरं कुणीतरी बघतंय. आता आमच्यात पाळी असते. जिची पाळी, तिच्या हातात फोन नाही, चहा नाही, चपला नाहीत. मूल हात लांबवला की पोचेल एवढ्या अंतरावर, आणि माणूस समुद्राच्या बाजूला, मूल जमिनीच्या बाजूला. पाठ समुद्राकडे करायची नाही. पाळी सोडताना तोंडानं सांगायचं, “आता तू घे.” घरातल्या पुरुषांना हे थोडं पोलिसी वाटतं. वाटू दे. त्यांचीही पाळी असते.

शनिवारी पहाटेपासून पावसानं धरलं. त्या पावसाला खळ नव्हता. वारा पन्हाळीचं पाणी आडवं पडवीत आणत होता, माडांच्या झावळ्या पडल्याचे आवाज येत होते आणि वीज रात्रीच गेलेली. वीज गेली की काय काय जातं याची यादी शहरातल्या माणसाला मनातल्या मनात करता येत नाही. पंप बंद म्हणून नळाला पाणी नाही. फ्रिज बंद म्हणून दूध नाही. मोबाइलचा मनोरा थोड्या वेळानं बसला की रेंज नाही, आणि रेंज नाही म्हणजे पैसेही नाहीत, कारण हल्ली आपण खिशात शंभराची नोटसुद्धा ठेवत नाही. गावातला दुकानदार भला होता, वहीत लिहून ठेवलं त्यानं. तरी रोकड बरोबर हवी, सुटी. दुधाची न उघडता बाहेर टिकणारी खोकी हवीत, एका वेळेला एक संपेल अशी लहान. नाचणीचं सत्त्व, मेतकूट, तूप, गूळ एवढं असलं की मुलाचं जेवण अडत नाही. चूल कोकणात कुणाकडेही पेटते आणि मऊ भात कुणीही घालतं. दादांच्या घरच्या काकू दोन्ही दिवस आधी ओवीसाठी पेज वेगळी काढून ठेवत, मग आम्हाला विचारत.

पाणी मात्र उकळूनच. पहिल्या मोठ्या पावसात विहिरीचं पाणी गढुळतं, आणि लहान मुलांची पोटं तिथेच बिघडतात. ओआरएसची पाकिटं घरून न्यावीत, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या रंगीत गोड पेयांनी जुलाब वाढतात. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात एकदम कालवायचं. वाटीभर पाण्यात चिमूटभर टाकून नाही.

कपड्यांचं कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. कोकणात पावसात काहीच वाळत नाही. सुती कपडा भिजला की भिजलेलाच राहतो, आणि ओल्या सुती फ्रॉकमध्ये वाऱ्यात बसलेलं मूल मे महिन्यातही कुडकुडतं. समुद्राचं पाणी कोमट असतं म्हणून आपण फसतो; गारवा पाण्यातून बाहेर आल्यावर लागतो. ओठ निळसर, अंग थरथरतं, मूल एकदम गप्प झालं, की आधी ओले कपडे पूर्ण काढायचे, मग टॉवेल. ओल्यावर शाल गुंडाळून उपयोग नाही. पाण्यात नेताना नेहमीचा डायपर घालू नये. तो खारं पाणी पिऊन फुगतो, आत वाळू धरतो आणि मांड्या सोलवटून टाकतो. सासूबाईंनी त्यांची जुनी मऊ साडी फाडून लंगोट केले, तेव्हा मला जरा संकोच वाटला होता. शनिवार-रविवारी त्याच लंगोटांनी निभावलं, कारण ओवीच्या मापाचे डायपर गावात नव्हते.

आता विंचवाचं. जांभ्याच्या भिंती, रचलेले चिरे, सरपणाचा ढीग, आणि वरून पाऊस. बिळांत पाणी शिरलं की विंचू कोरड्या जागेकडे निघतात, आणि सर्वांत कोरडी जागा आपली असते. शनिवारी रात्री न्हाणीघराच्या उंबऱ्याशी मेणबत्तीच्या उजेडात एक दिसला, तांबूस, बोटाएवढा. दादांनी चिमट्यानं उचलला, फार गाजावाजा न करता. कोकणातला लाल विंचू मोठ्या माणसाला यातना देतो, लहान मुलाच्या मात्र जिवावर बेतू शकतो, कारण विष तेवढंच आणि अंग छोटं. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, छातीचे ठोके धावताहेत, ही लक्षणं दिसायची वाट न बघता दवाखान्यात न्यायचं. यावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडतं हे दाखवून दिलं ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी, कोकणातच रुग्णांच्या उशाशी बसून. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. औषध जितकं लवकर, तितकं चांगलं. मंत्र, चुना, कांदा यांत तास घालवू नका. काळजी साधी आहे. मुलाला जमिनीवर निजवायचं नाही, अंथरूण झटकायचं, मच्छरदाणी गादीखाली खोचायची, चपला-बूट आपटून घालायचे, आणि विजेरी मेणबत्तीपेक्षा बरी.

त्याच रात्री ओवीला ताप भरला. भिजल्यानं, की आधीच अंगात होता, कोण जाणे. आमच्याकडे पॅरासिटॅमॉल होतं, पण दोन प्रकारचं. मी घरून थेंबांची बाटली आणलेली, ताईनं तिच्या मुलासाठीचं सिरप. विजेरीच्या उजेडात दोन्ही गुलाबी दिसतात. थेंबांत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२० किंवा २५०, बाटलीनुसार. म्हणजे ‘एक चमचा दे’ हे वाक्य १२० च्या सिरपच्या बाबतीत ठीक असलं, तरी थेंबांच्या बाटलीतून चमचाभर दिलं तर ते ५०० मिलिग्रॅम होतं, अकरा किलोच्या मुलीला तिपटीहून जास्त. सासूबाईंनी चमचा पुढे केलाच होता. ताईनं लेबल मोठ्यानं वाचलं, तेव्हा तो खाली ठेवला. आता आमच्या बाटलीवर मार्करनं लिहिलेलं असतं, डॉक्टरांना विचारून, ओवीच्या वजनाप्रमाणे किती मिलिलिटर आणि किती तासांनी. वजन वाढलं की नवीन आकडा. आणि प्रवासात एकच बाटली.

रविवारी सकाळी नवऱ्याचं सुरू झालं, निघू या. त्याची तगमग मला कळत होती. मूल आजारी, वीज नाही, घर दूर. पण पुण्याचा आमचा रस्ता ताम्हिणीतून, आणि तुफान पावसात तो घाट म्हणजे धुकं, दरडी, झाडं. मागच्या सीटवर तापलेलं, ओकणारं मूल घेऊन त्यात अडकणं वाईट, की पक्क्या भिंतींच्या कोरड्या घरात, दापोलीचा दवाखाना आवाक्यात असताना थांबणं वाईट? दादांनी मत दिलं नाही, एवढंच म्हणाले, “निसर्गच्या वेळी जे निघाले ते रस्त्यात अडकले, दादा. घर धरून राहिले ते घरात राहिले.” आम्ही घर धरलं. ताप उतरला, पाऊस ओसरला, मग दिवसाउजेडी निघालो. हवा बिघडण्याआधी निघता येतं आणि निवळल्यावर निघता येतं. मधल्या वेळात निघावंसं वाटतं ते भीतीनं. ‘आधी’ची वेळ आमच्या हातात होती ती शुक्रवारी, बोटी परत येताना दिसल्या त्यानंतर. पण तेव्हा पैसे भरलेले होते, पापलेट सांगून ठेवलेलं होतं, आणि आभाळ तसं बरं दिसत होतं.

पैशांचं सांगून थांबते, कारण मुक्काम लांबवायचा की आटोपता घ्यायचा याचा निर्णय खरं तर तिथेच होतो. फोनवर खोली ठरवताना लोक ‘सी व्ह्यू’ आहे का विचारतात. त्याऐवजी विचारावं: छप्पर स्लॅबचं की पत्र्याचं? इन्व्हर्टर किती तास चालतो, आणि त्यावर पंखा तरी चालतो का? खोलीचं दार थेट वाळूवर उघडतं की मधे गडगा आणि फाटक आहे? कडी मुलाच्या हाताला लागेल इतकी खाली तर नाही? विहिरीला कठडा आहे का, वर जाळी आहे का? बालरोगतज्ज्ञ किती किलोमीटरवर? आणि शेवटी, जिल्ह्याला नारिंगी किंवा लाल इशारा लागला तर आगाऊ रकमेचं काय? आमच्या ओळखीच्या एका कुटुंबानं त्याच आठवड्यात दुसऱ्या गावातल्या एका रिसॉर्टची रक्कम बुडेल म्हणून लाल इशाऱ्यात गाडी काढली होती. आमच्या दादांनी उरलेल्या रात्रीचे पैसे घेतले नाहीत, जानेवारीत वळते करू म्हणाले. ते त्यांचं दिलदारपण झालं, त्यावर विसंबून योजना आखू नये. रक्कम पाठवण्याआधी ‘इशारा असल्यास तारीख बदलून मिळेल’ एवढी एक ओळ व्हॉट्सॲपवर मागून घ्या, आणि ती आल्यावरच पैसे पाठवा.